वानर, कस्तूर आणि मगदूम मॅडम

मगदूम मॅडम चालता चालता टेबलाला धडकल्या तर टेबलाची माफी मागत. हे ऐकीव सांगत नाही. पाटणच्या कॉलेजात भूगोल शिकवायला मी रुजू झाले, त्या पहिल्याच दिवशी स्टाफरूममध्ये त्या माझ्यासमोर टेबलाच्या कोपऱ्याला अडखळल्या आणि कोपऱ्यावर हात ठेवून हळूच म्हणाल्या, "चुकलं हं." मला वाटलं मलाच म्हणाल्या, म्हणून मी "असू द्या, असू द्या" म्हटलं. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि अगदी सरळ चेहऱ्यानं सांगितलं, "तुम्हांला नाही, टेबलाला."

उंच, काटकुळ्या, सुती साडीचा पदर कमरेला घट्ट खोचलेला, पायांत पुरुषी चपला आणि गळ्यात दुर्बीण. प्राणिशास्त्र शिकवायच्या. गाव सांगलीकडचं, वारणाकाठचं. जैन शेतकऱ्याचं घर. लग्न केलं नव्हतं. कुणी विचारलंच तर म्हणायच्या, "राहून गेलं." इस्त्रीचे कपडे आणायचे राहून जावेत तसं. दिवस मावळायच्या आत जेवायच्या. डब्यात कांदा नाही, लसूण नाही, बटाटा नाही. आम्ही त्यांना चिडवायचो की मग उरलं काय खायला? त्या शांतपणे डब्यातली मुगाची उसळ पुढं करायच्या. तशी उसळ मी पुन्हा कुठं खाल्ली नाही.

मी त्यांच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर भाड्यानं राहायला लागले. वर त्या आणि त्यांचे वडील अण्णा. इमारतीच्या मागं उतार होता, उतारावर करवंदीच्या जाळ्या, आणि खाली ओढा. पावसाळ्यात त्या ओढ्याचा आवाज घरात इतका भरायचा की फोनवर बोलायला पुढच्या दारात जावं लागायचं.

कॉलेजात आमचे वर्ग शेजारीशेजारी होते आणि मधे नुसती फळ्यांची भिंत होती. त्यामुळे माझ्या विद्यार्थ्यांना भूगोलाबरोबर थोडं प्राणिशास्त्रही यायचं. दर जूनमध्ये, पहिल्या वर्षाच्या पहिल्या तासाला, मॅडम एकच प्रश्न विचारायच्या. वानर आणि कस्तूर, यातला माणसाच्या जवळचा कोण? पोरं हसायची. पाटणच्या पोरांना दोन्ही घरचेच. काळ्या तोंडाची, लांब शेपटीची वानरं कौलांवरून उड्या मारत जायची. आणि शीळकरी कस्तूर म्हणजे ओढ्याकाठचा तो काळानिळा पक्षी, मैनेपेक्षा मोठा, पावसाळ्यात अशी शीळ घालतो की एखादा उनाड पोरगा शाळा बुडवून चाललाय असंच वाटावं. पोरं एका सुरात सांगायची, वानर.

मग मॅडम समजावून द्यायच्या. हातपाय, डोळे, बोटं, दात, पोराला छातीशी धरणं, यांत वानरच जवळचं, प्रश्नच नाही. पण बोलण्याचं काय? वानराचं पिल्लू हूप म्हणायला किंवा कुत्रं दिसल्यावर खकारायला फारसं कुणाकडून शिकत नाही. ते त्याच्या अंगातच येतं. कस्तुराच्या पिल्लाला मात्र गाणं शिकावं लागतं. ते बापाचं ऐकतं, मग आधी बोबडं गुणगुणतं, चुकतं, पुन्हा म्हणतं आणि कधीतरी त्याला ते जमतं. "तुमच्या धाकट्या भावंडासारखं," त्या म्हणायच्या. "आणि ऐकायला कुणी नसलं, तर?" हा प्रश्न विचारून त्या थांबायच्या. फळ्यांच्या पलीकडून मलाही तो थांबा ऐकू यायचा. पुढं काय झालं ते मला कळलं तेव्हा, आठवणीतल्या ह्या थांब्याची मला भीती वाटायला लागली.

अण्णांबद्दल आधी सांगायला हवं. मॅडमच्या आई गेल्यावर अण्णा वारणाकाठच्या घरात एकटेच राहिले होते. शेत पुतण्या करत होता, आणि ट्रॅक्टर आल्यावर दावणीची शेवटची बैलजोडीही गेली. त्यांना चक्कर येऊन ते गोठ्यात पडले, तेव्हा मॅडमनी त्यांना पाटणला आणलं. अण्णांना यायचं नव्हतं. मॅडमनी "बरं वाटेपर्यंत" म्हणून आणलं आणि बरं वाटल्यावरही ठेवून घेतलं.

डोक्याला पांढरा रुमाल, अंगात तीन बटणांचा सदरा, आणि बोलण्यात मधूनच एखादा कानडी शब्द. पाटणकरांना तो कळायचा नाही आणि अण्णांना पाटणचा पाऊस मानवायचा नाही. "हितं ऊन कवा पडतंय?" हा त्यांचा प्रश्न जुलैपासून सुरू व्हायचा. सकाळी उठून ते गॅलरीतल्या पिंपात पाणी भरत. नळाची बारीक धार लागली की पिंपापाशी उभं राहून शीळ घालत. लांब, संथ शीळ, शेवटाला जरा वर उचललेली. बैल पाण्यावर नेला की त्यानं पोटभर प्यावं म्हणून शेतकरी घालतात, ती. बैल नव्हते, पिंप होतं. पण धार लागली की तोंडातून शीळ निघायचीच. मला त्या शिळेनं जाग यायची.

आता वानराची गोष्ट. एसटी स्टँडच्या मागं विजेच्या तारेला चिकटून एक वानरीण मेली. गावानं तिला सजवलेल्या हातगाडीवर ठेवलं, गुलाल उधळला, भजनी मंडळ पुढं, आणि वाजतगाजत नदीकाठी नेऊन पुरलं. मोठी मिरवणूक झाली. आम्ही दोघी घरी येत होतो, रस्त्यातच अडकलो. सगळे हात जोडून हातगाडीकडं बघत होते. मॅडम मात्र दुर्बिणीतून उलट्याच बाजूला, स्टँडच्या पत्र्याकडं. पन्हाळीला एक काळपट पिल्लू चिकटून बसलं होतं. मिरवणूक पुढं गेली आणि मॅडम शिडी मागायला निघाल्या.

वनखात्याच्या माणसाला कळवून त्यांनी ते पिल्लू काही दिवस घरी ठेवलं. पिल्लाचा एक कान तारेनं भाजून कुरतडल्यासारखा झाला होता. बाटलीनं दूध, मग केळं कुस्करून, मग कोवळी पानं. मॅडम कॉलेजात आल्या की ते अण्णांच्या डोक्याचा रुमाल दोन्ही हातांनी गच्च धरून बसायचं. अण्णांनी तक्रार केली नाही. "कुनाला तरी धराय पायजेच की," एवढंच म्हणाले.

पुढं वानरांची टोळी कॉलेजच्या आवारातल्या जांभळीवर उतरली, तेव्हा मॅडमनी पिल्लाला कुंपणाच्या भिंतीवर ठेवलं आणि आम्ही सगळे लांब उभे राहिलो. प्राचार्यसुद्धा खिडकीत आले. एक वानरीण खाली आली, पिल्लाला हुंगलं, उलटंपालटं करून पाहिलं, पोटाशी लावलं आणि झाडावर गेली. इतकं साधं. शिपाई, कारकून, पोरं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

काही महिन्यांनी आवारात कुत्रं शिरलं आणि जांभळीवरून जे पहिलं खकारणं ऐकू आलं, ते त्या कुरतडलेल्या कानाच्या पोराचं. मॅडम वर्ग तसाच टाकून बाहेर धावल्या, परत आल्या आणि पोरांना म्हणाल्या, "ह्याला हे कुणी शिकवलं? आमच्या घरात तर फक्त अण्णा खोकायचे." सगळा वर्ग हसला. माझाही.

मला वाटतं, ह्या यशानंच घात केला.

पुढच्या पावसाळ्याच्या तोंडावर रस्ता रुंद करताना ओढ्यावरची जुनी दगडी मोरी पाडली. मोरीच्या कपारीत कस्तुराचं घरटं होतं. कामावरच्या लोकांनी ते तसंच उचलून कडेला ठेवलं. दोन पिल्लं मेली होती, एक जिवंत होतं. कॉलेजच्या पोरांनी मॅडमना बोलावलं. संध्याकाळी मी वर गेले, तर स्वयंपाकघरातल्या खोक्यात पिसं फुटू लागलेलं एक भुंडं पिल्लू तोंडाचा आ करून बसलं होतं. मॅडम म्हणाल्या, आईबाप सोडून गेले, मी वनखात्याच्या माणसाला तसं सांगितलंय, मोठं झालं की सोडायचं. मी मान डोलावली. वानराचं आम्ही सगळ्यांनी पाहिलंच होतं.

पण कस्तूर केळं खात नाही. त्याला गांडुळं लागतात, किडे लागतात, ओढ्यातले बारके खेकडे लागतात. जमिनीखाली उगवतं म्हणून कधी गाजर न खाल्लेली ही बाई आता रोज सकाळी खुरपं घेऊन ओढ्याकाठची ओली माती उकरत गांडुळं शोधायची. प्रत्येक गांडुळापाशी तिचे ओठ हलायचे. ती काय म्हणायची ते विचारायची गरज नव्हती. अण्णांना हे सहन होईना. ते एकदा माझ्यादेखत मुलीला म्हणाले, "कुसुम, येक जगवाय किती मारशील गं?" मॅडम खोक्यावर वाकून बसल्या होत्या. वाटीत काहीतरी वळवळत होतं.

अण्णांनी बरेच दिवस त्या पिल्लाकडं पाहिलं नाही. पण मॅडम कॉलेजात गेल्यावर घरात ते दोघंच उरायचे. मग खोकं स्वयंपाकघरातून गॅलरीत आलं, खोक्याचा पिंजरा झाला, आणि पिंजऱ्याशेजारी अण्णांची खुर्ची. दुपारी मी घरी असले की वरून अण्णांचं बोलणं ऐकू यायचं, मधेमधे कानडी शब्द पेरलेलं. इतकं सलग बोलताना मी त्यांना त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. हौशा नावाचा बैल होता, त्याच्याबद्दल ते त्या पाखराला पुष्कळ सांगत.

पाखरू मोठं झालं, निळं झालं. आधी नुसतं गुणगुणायचं, ओठांत पुटपुटल्यासारखं. मॅडम त्या दिवसांत फार खुशीत होत्या. कॉलेजातून धावत घरी जायच्या. आणि एका सकाळी मला शिळेनं जाग आली, पाठोपाठ पुन्हा तीच शीळ आली, आणि अण्णांचा खोकला भलत्याच बाजूनं ऐकू आला. मी वर गेले. अण्णा आत अंथरुणावर बसून चहा पीत होते. गॅलरीत नळ सुरू होता, आणि पिंपाशेजारच्या पिंजऱ्यात बसून कस्तूर बैलांना पाणी पाजत होता. लांब, संथ, शेवटाला वर उचललेली. अण्णा हसत होते. "बगा," मला म्हणाले, "माझं काम गेलं."

मी हसले. मॅडम दारात उभ्या होत्या, त्या हसल्या नाहीत. पण त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं, तो आनंदच होता. हवं ते उत्तर मिळालेल्या माणसाचा.

पाखरू त्यांनी ओढ्याला सोडलं. पहिले काही दिवस ते गॅलरीत यायचं, मग येईनासं झालं. ते वर्ष गेलं. पुढच्या पावसाळ्यात ओढ्याकाठचे सगळे कस्तूर आपापल्या शिळा घालू लागले, आणि त्यांच्यात, नव्या पुलाच्या बाजूनं, एकजण बैलांची शीळ घालायचा. गावातली जुनी माणसं थांबून इकडंतिकडं बघायची. कुणाची जनावरं आलीत पाण्यावर? पोरांना गंमत वाटायची. मॅडम रोज दुर्बीण घेऊन जायच्या आणि रोज जरा जास्त गप्प होऊन परत यायच्या. दुसऱ्या नरांपाशी माद्या दिसत होत्या, चोचीत काड्या दिसत होत्या. हा एकटा दगडावर बसून दिवसभर शीळ घालायचा. त्या शिळेचा अर्थ त्या ओढ्यात कुणाला लागत नव्हता.

त्याच पावसाळ्यात अण्णा आजारी पडले. छातीत कफ झाला. त्यांचं एकच म्हणणं होतं, मला गावाकडं न्या. मॅडम म्हणायच्या, पाऊस उघडू दे, मग नेते, रस्ता खराब आहे, तुम्हांला हादरे बसतील. डॉक्टरही तेच म्हणत होते. पाऊस उघडायच्या आधी अण्णा गेले. भाऊबंद सांगलीकडून पाटणला आले, त्यांना यायला संध्याकाळ झाली, म्हणून पाटणलाच अग्नी दिला. अण्णांना त्यांच्या गावी पोचवायचं तेवढं राहिलं.

ह्यानंतर मॅडमच्या घराच्या ओढ्याकडच्या खिडक्या बंद झाल्या. मला आधी वाटलं, पावसाची झड येते म्हणून. मग पाऊस ओसरला तरी त्या बंदच. गॅलरीचं दारसुद्धा. पिंप रिकामं, उपडं. पाणी त्या न्हाणीतल्या नळाला भरायला लागल्या. मी विचारलं नाही. आमच्यात तसं फार विचारण्याचं नातं नव्हतं. उसळीची वाटी खाली यायची, भाकरी वर जायची.

दरवर्षी भाद्रपदात जैनांचं दहा दिवसांचं पर्व संपलं की मॅडम सगळ्यांची क्षमा मागत. "वर्षभरात कळत नकळत" वगैरे मोघम त्या मागायच्या नाहीत, त्यांच्याकडे तपशील असायचा. शिपायाला म्हणायच्या, फेब्रुवारीत तुम्हांला उगाच बोलले, चूक माझी होती. ग्रंथपालांना म्हणायच्या, तुमच्या मुलाच्या निकालाबद्दल मी मनात वाईट बोलले, तुम्हांला माहीत नाही, पण बोलले. माणसं कावरीबावरी व्हायची. अण्णा गेले त्या वर्षी त्या माझ्याकडे आल्या, खुर्चीत बसल्या, "उत्तम क्षमा, सुनंदा," म्हणाल्या. मी म्हटलं, मॅडम, माझं तुम्ही काय वाकडं केलंय.

"तुमचं नाही केलं," त्या म्हणाल्या. "पण ज्याचं केलं त्याच्यापुढं बोलायची सोय नाही. तुम्ही ऐकून घ्याल का?"

मग त्यांनी सांगितलं.

मोरी पाडली त्या दिवशी त्या पोचल्या तेव्हा आईबाप तिथंच होते. मादी फुटक्या दगडावर बसली होती, चोचीत अळी घेऊन. खाली घरटं कुठं गेलं ते तिला उमजत नव्हतं, आणि ती जातही नव्हती. नर वरच्या उंबरावरून शीळ घालत होता. मॅडमनी दोघांना दुर्बिणीतून नीट पाहिलं. घरटं शेजारच्या कपारीत ठेवलं असतं, लोकांना थोडं लांब केलं असतं, तर मादीनं पिल्लाला भरवायला घेतलं असतं, हे त्यांना ठाऊक होतं. त्या वर्गात हेच शिकवायच्या.

"आणि मी वनखात्याच्या माणसाला सांगितलं, आईबाप येत नाहीत," त्या म्हणाल्या. "त्यानं माझ्यावर विश्वास ठेवला. मगदूम मॅडम म्हणतायत म्हटल्यावर कोण बघायला जातं?"

मी विचारलं, का?

"बघायचं होतं. इतकी वर्षं पुस्तकातलं सांगत आले. वानराचं डोळ्यांनी पाहिलं होतं, आता ह्याचं बघायचं होतं. बापाऐवजी दुसरं काही ऐकवलं तर हा काय शिकतो." त्या हातांकडे बघत होत्या. "वानराला मी खरंच दयेनं आणलं होतं. ह्याला दयेनं आणलं नाही. बाहेरून दोन्ही सारखंच दिसलं. तुम्हांलाही दिसलं."

मी काहीतरी समजुतीचं बोलायचा प्रयत्न केला. पिल्लू वाचलं तरी, नाहीतर पावसात गेलं असतं, अण्णांना सोबत झाली. अण्णांचं नाव निघाल्यावर त्यांनी डोळे मिटले.

"अण्णांचं तेच केलं मी," त्या म्हणाल्या. "वानर कुठंही ठेवा, परत आपल्यांत गेलं की त्याला बोलता येतं. अण्णांना इथं आणून मी कुणाशी बोलायला ठेवलं? त्या पाखराशी. आणि पाखराला अण्णांशी. आता अण्णा नाहीत, आणि ते सकाळी अण्णांच्या आवाजात शीळ घालतं. मी अर्धवट झोपेत असते. मला वाटतं पिंप भरतायत. दोनदा मी हाक मारली, अण्णा, राहू द्या, मी भरते. सुनंदा, दोनदा."

तेव्हा मला खिडक्यांचं कळलं.

त्या रडल्या नाहीत. उठल्या, माझ्या चहाला नको म्हणाल्या आणि वर गेल्या. पुढल्या जूनपासून त्यांनी पहिल्या तासाचा तो प्रश्न विचारणं बंद केलं. फळ्यांच्या पलीकडून सरळ पेशीची रचना ऐकू यायची. पोरांना त्यातली गंमत गेल्याचं कळलं नाही, मला कळलं. ओढ्यावर मात्र त्या जात राहिल्या, पावसाळाभर, रोज. खिडकी बंद ठेवणारी बाई गळ्यात दुर्बीण घालून त्याच आवाजाकडं का जाते, हे मला नीटसं सांगता येणार नाही. बहुधा ती शिक्षा होती आणि ती चुकवायची नव्हती. कस्तूर एकटाच असायचा. त्या येऊन तेवढंच सांगायच्या, "आहे." पुढं काही नाही.

निवृत्त झाल्यावर त्या सांगलीला गेल्या. गावच्या घरात नाही, शहरात, धाकट्या बहिणीच्या शेजारी एक फ्लॅट घेऊन. जाताना मला म्हणाल्या, ऐकू आलं तर कळवा, नाही आलं तरी कळवा. मी दर पावसाळ्यात फोन करायचे. आहे का? आहे. एकटाच? एकटाच. मग त्या बहिणीच्या गुडघ्यांचं, सांगलीच्या डासांचं, जैन मंदिरातल्या पाठशाळेत त्या लहान मुलांना गोगलगायी दाखवतात त्याचं सांगायच्या. पण पहिले दोन प्रश्न ठरलेले.

गेल्या वर्षी जुलैत मी पुलावरून येत होते. माझीही नोकरी आता संपत आलीय, गुडघे बोलतात, मी सावकाश चालते. बैलांची शीळ आली. सवयीनं मी ऐकली आणि पुढं निघाले. तेवढ्यात वरच्या अंगानं, उंबराच्या बाजूनं, तीच शीळ पुन्हा आली. मला वाटलं उडून गेला असेल. मग दोन्ही बाजूंनी एकदमच आली. मी तिथूनच फोन लावला आणि फोन हवेत धरून उभी राहिले. ओढ्याच्या आवाजात त्यांना काय ऐकू गेलं असेल, देव जाणे. मग म्हणाल्या, "मी येते."

दुसऱ्या दिवशी त्या कऱ्हाडला गाडी बदलून पाटणला आल्या. फार वाळल्या होत्या, केस पूर्ण पांढरे, पण स्टँडवरून घरी न येता सरळ पुलाकडं निघाल्या. मी पिशवी घेतली. आम्ही कठड्याला टेकून थांबलो. पाऊस नव्हता, ढग खाली आले होते. आधी जवळच्या दगडावरून जुना बोलला. मॅडमनी मान खाली घातली. मग उंबराकडून दुसरा.

त्यांनी मान वर केली. दुर्बीण लावली नाही, नुसत्या ऐकत राहिल्या. दुसऱ्यानं पुन्हा म्हटलं, आणि पुन्हा.

"शेवट ऐकलात?" त्या म्हणाल्या. "अण्णा तिथं वर उचलायचे. जुना पण उचलतो. हा खाली उतरवतो, आणि वर एक गिरकी घेतो. ती अण्णांची नाही. माझ्या घरातली नाही. ती त्यानं कुठून तरी घेतली, नाहीतर स्वतःच केली."

मी म्हटलं, म्हणजे आपल्या कस्तुराला जोडी मिळाली. पोर झालं. पोरानं बापाचं घेतलं.

"मिळाली," त्या म्हणाल्या. त्याला जोडून म्हणाल्या, "म्हणून मी केलं ते बरोबर ठरत नाही, सुनंदा."

"नाही ठरत," मी म्हटलं. इतक्या वर्षांत मी त्यांना समजुतीचं न बोलता दिलेलं हे पहिलंच उत्तर. त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. मग म्हणाल्या, तुम्ही व्हा पुढं, चहा टाका, मी येतेच.

वळणावर पोचल्यावर मी मागं पाहिलं. मॅडम पुलावर नव्हत्या. त्या खाली उतरल्या होत्या, चपला काठावर काढून, साडी वर धरून घोट्याएवढ्या पाण्यात उभ्या होत्या, तोंड उंबराकडे. त्यांनी ओठांचा चंबू केला होता. मॅडमना शीळ घालता येत असल्याचं मी कधी पाहिलं नव्हतं, आणि येत नव्हतीच. गाल फुगत होते, मान हलत होती, आवाज काही निघत नव्हता. उंबरावरचा जरा थांबला. त्यांनी पुन्हा ओठ जुळवले.

मी घरी जाऊन चहाचं आधण ठेवलं. त्यांना यायला उशीर लागणार होता.